घरच्या फोनचा रकाना

अबुधाबीच्या एका शूटिंग क्लबात ते भेटले. साताऱ्याकडचे एक निवृत्त फौजी, रिकाम्या काडतुसांत पुन्हा पावडर भरणारे. त्या नोंदींचं सॉफ्टवेअर मी बनवत होतो. पावडरचं वजन, तारीख, बॅच, सगळं त्यांनी मान डोलावत पाहिलं.

“साहेब, ‘घरचा फोन आला’ असा एक रकाना टाका.”

“तो कशाला?”

“मन तिकडं जातं. पावडर कमी-जास्त पडली म्हंजे? खलास. ती बॅच उघडून परत भरायची.”

“मग कामात फोन बंद ठेवा की.”

ते सावकाश चष्मा पुसत राहिले.

“नात सध्या बोबडं बोलतीया. काडतुसं काय, परत भरता येत्यात.”

रकाना मी टाकला. जवळजवळ रोज त्यात टिक असते.