शैलजा मॅडमनी परत करायचे राहिलेले चार कागद

अकरावीच्या बारा मुलींवर अन्याय झाला. लातूरच्या एका निवासी कॉलेजात, सहामाही परीक्षेच्या आदल्या सोमवारी, सकाळची प्रार्थना संपल्या संपल्या. त्या बारा जणींत मी होते. आणि ज्यांच्या हातून तो झाला त्या शैलजा मॅडम गेल्या महिन्यात उदगीरला वारल्या. कॉलेजचं नाव छापू नका असं आमच्या वकिलांनी बजावलंय, म्हणून छापत नाही. मॅडमचं छापते... त्या असत्या तर त्यांनीच छापायला लावलं असतं.

फोन त्यांच्या धाकट्या भावाचा आला. त्यांचं उदगीरच्या मोंढ्यात धान्याच्या आडतीचं दुकान आहे. मी नांदेडच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होते. "अक्का गेली बघ," ते म्हणाले. "चारला माती हाय. येतीस का?" गठ्ठा चहावाल्याकडं टाकून मी बस पकडली, तरी पोचेपर्यंत लिंगायत रिवाजानं मॅडमना बसवून माती देऊन झाली होती, माणसं परत निघाली होती. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी खरं बोलणार आहे.

मॅडम आमच्याकडं समुपदेशक म्हणून आल्या तेव्हा त्यांची पीएचडी चालू होती. विषय, किशोरवयीन मुलींची भावनिक बुद्धिमत्ता. साठ वाक्यांची प्रश्नावली आणि प्रत्येक वाक्यापुढं पाच गोल: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. आम्ही गोल काळे करण्यात पटाईत. कागद हातात पडताच मागून आवाज आला, "मॅडम, निगेटिव्ह मार्किंग हाय का?" सगळा वर्ग हसला, मॅडमही हसल्या. "याला मार्कच नाहीत गं. चूक-बरोबर काही नाही. मनात असेल ते लिहा, माझ्याशिवाय कुणी बघणार नाही." नावसुद्धा लिहू दिलं नाही. फक्त हजेरी नंबर.

चूक झाली ती इथंच. मॅडमना वाटलं, नंबर म्हणजे पडदा. संशोधनाच्या पुस्तकात तसंच शिकवतात म्हणे. पण आमच्या हॉस्टेलात नंबर हेच नाव होतं. बादलीवर नंबर, ताटावर नंबर, वाळत घातलेल्या ओढणीच्या टोकाला नंबर. "एकशे सत्तावीस, उभी राहा," असंच सर म्हणायचे. माझ्या खोलीतल्या एका मुलीचं आडनाव मला सहा महिने माहीत नव्हतं, नंबर मात्र झोपेत सांगितला असता. रोज आमच्यात वावरणाऱ्या बाईला हे दिसू नये?

मी खरं लिहिलं. 'मला कारण नसताना रडू येतं' याच्यापुढं नेहमी. 'मनातलं घरी सांगता येतं' याच्यापुढं कधीच नाही. शेजारची माझ्या कागदात डोकावून कुजबुजली, "येडी हायस का? चांगल्या वाक्याला बऱ्याचदा, वाईटाला क्वचित. टोकाचं टाकू नको, खोटं वाटतंय." तिची ही किल्ली सगळ्या रांगेनं उचलली. मी नाही उचलली. शहाणपणा नव्हता तो. साधा विश्वास होता... माझ्याशिवाय कुणी बघणार नाही, असं एक मोठं माणूस म्हणालं होतं.

मार्क नसले तरी प्रबंधासाठी मॅडमनी प्रत्येक नंबरापुढं बेरीज काढली होती; संचालकांनी ती गुणांची यादी मागितली आणि नुसते नंबरच आहेत म्हणून मॅडमनी ती दिली. सोमवारी तळातले बारा नंबर माईकवरून वाचले गेले. "या मुली भावनिकदृष्ट्या कमकुवत आहेत, त्यांना ताण झेपणार नाही." डॉक्टरकीच्या बॅचमधून आम्हाला काढून जिन्याखालच्या वर्गात बसवलं आणि घरोघरी फोन गेले. माझे बाबा रेल्वेत ट्रॅकमन. मुदखेडहून रजा टाकून आले, येताना संचालकांसाठी अर्धापूरची केळी घेऊन. ऑफिसच्या दारातच त्यांनी मला धरलं.

"काय लिवलीस तू त्या कागदावर?"

"खरं लिवलं, बाबा."

"परीक्षेत खरं लिवतेत व्हय? बरोबर असंल ते लिवायचं असतंय!"

मग आत जाऊन त्यांनी हात जोडले. संचालकांनी केळी ठेवून घेतली. मला बॅचमध्ये परत घेतलं नाही.

त्या आठवड्यात ऑफिसात काय झालं ते मला मॅडमकडून पुष्कळ नंतर कळलं. त्या भांडायला गेल्या, तर संचालक शांतपणे म्हणाले, "आम्ही नावं कुठं फोडली मॅडम? तुम्हीच तर नंबर दिलेत." घरी येऊन त्यांनी सगळे कागद पुन्हा काढले तेव्हा रांगेच्या रांगेची उत्तरं सारखी निघाली. "विश्वास ठेवावा असे कागद तुम्हा बारा जणींचेच होते गं," त्या मला म्हणाल्या, "आणि मी नेमक्या तुम्हालाच नापास केलं." त्यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या कॉलेजातून कागद भरून घ्या, प्रबंध होऊन जाईल, असं मार्गदर्शक सांगत होते. मॅडमनी पीएचडीच सोडली.

दोन वर्षांनी त्या मुदखेडला आमच्या क्वार्टरवर आल्या. एसटीनं, पिशवीत माझा कागद घेऊन. "हा तुझा आहे. माझ्याकडं ठेवायचा मला हक्क नाही. माझी चूक झाली," उभ्या उभ्याच म्हणाल्या. आईनं चहा टाकला, बाबा पाठ करून बसले. मी म्हणाले, "आता काय करू याचं? उकडून खाऊ?" त्या म्हणाल्या, "तुला वाटेल ते कर." मी त्यांच्यासमोर कागद टराटरा फाडला. त्यांनी तो फाटू दिला, चहा संपवला, आईला "येते हं ताई" म्हणाल्या आणि पुढच्या मुलीच्या गावाला गेल्या. अशा आठ जणी त्यांनी शोधल्या. एकीच्या सासूनं दारातूनच हाकललं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

राग माझा तसाच होता, तरी पुढं त्यांच्याशी बोलणं सुरू झालं. नांदेडला अशा याद्यांविरुद्ध पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा ते मी त्यांना मुद्दाम पाठवलं, झोंबावं म्हणून. लाल पेनाच्या खुणा करून परत आलं. 'नराधम' शब्दावर काट. शेजारी लिहिलेलं, "शिवी नको. त्यांनी काय केलं ते सांग, पुरेसं आहे." आणि खाली, "माझं नाव का गाळलंस? घाल." मी घातलं. त्या पत्रकानंतर उदगीरच्या ज्या शाळेत त्या तासिकेवर शिकवत होत्या, तिथलं काम गेलं.

शेवटची भेट उदगीरला, त्यांच्या घरी. डायलिसिसवरून आल्या होत्या, आवाज पार बसला होता. "चौघी राहिल्या गं," म्हणाल्या. एक लग्न होऊन देगलूरकडं गेलेली, तिघींचे फोन बंद. मग विचारलं, "तू मला माफ केलंस का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या. आणि भावजयीला हाक मारून मला जेवायला वाढायला सांगितलं.

त्या उत्तराचं काय करावं, मला अजून कळलेलं नाही. बाबा म्हणतात, "मरणाऱ्या माणसाला हाव म्हणायला तुझं काय जात होतं?" बाबांशी मी भांडले. पण त्या दिवशी जेवताना मॅडमनी मला दोनदा तूप वाढायला लावलं होतं.

माती झाल्यावर त्यांच्या भावानं एक खाकी पाकीट माझ्या हातात दिलं. वर मॅडमच्या अक्षरात 'परत करायचे' एवढंच. आत राहिलेल्या चौघींचे चार कागद असणार. ते माझ्या खोलीत फळीवर आहेत, मी पाकीट उघडलेलं नाही आणि उघडणार नाही. त्या सोमवारी प्रार्थनेला उभ्या असलेल्या चौघींनो, या पुरवणीच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. सासर असो, माहेर असो, मी घेऊन येते.

आणि तुम्ही, ज्यांच्या घरात पंधरा-सोळाची पोर आहे. ते कॉलेज याही वर्षी तसाच कागद भरून घेतंय, आणि ते एकटं नाही. संमतीपत्र तुमच्या घरी आलं असेल, नसेल तर येईल. सही करण्याआधी उठा, ऑफिसात जा आणि विचारा: माझ्या मुलीनं लिहिलेलं कोण कोण वाचणार, आणि तिचा कागद तिला परत कधी मिळणार? उत्तर लेखी मागा. ते हातात पडेपर्यंत सही करू नका.