आत्याचं ‘होय’

सुमनआत्या गेल्याचा पप्पांचा फोन दौंडहून आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. “बरं,” एवढंच म्हणाले... शेजारच्या टेबलावरच्या मुलीला ते सांगायला मला संध्याकाळ झाली. शब्द माझ्याकडे असेच उशिरा येतात. इंग्रजी शाळेतून सुट्टीला न्हावऱ्याला तिच्याकडे गेले की आत्या म्हणायची, “तू नुसती बस बाय, दोघींचं मीच बोलते.”

पुढे आमच्या ऑफिसात आम्ही शेतकऱ्यांसाठी एक मोबाइल ॲप केलं. उसाला आज पाणी द्यावं का, वाळत टाकलेला कांदा झाकावा का, असे रोजचे निर्णय ते सुचवतं. संध्याकाळी विचारतं, ‘सल्ला बरोबर ठरला का?’ लोक होय किंवा नाही दाबतात, आणि त्यावरूनच ते शिकतं. सगळ्यांत आधी मी ते आत्याच्या फोनमध्ये टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे असताना ॲपनं सांगितलं, कांदा झाकायची गरज नाही. आत्यानं ताडपत्री घडी करून ठेवली. दुपारी वळीव कोसळला. संध्याकाळी प्रश्न आला तसा तिचा अंगठा ‘होय’वर गेला.

“अगं, समदा कांदा भिजला की,” मामा, म्हणजे आत्याचे यजमान, म्हणाले.

“मंग? पोरीनं केलंय ते. घरच्यांनीच नापास करायचं व्हय तिला?”

मी दारातच होते. सगळं ऐकलं, आणि तरी ऑफिसातल्या पुढच्या मीटिंगमध्ये आत्याचाच फोन यशाचं उदाहरण म्हणून दाखवला, सगळी उत्तरं ‘होय’. त्या उत्तरांवर शिकलेलं ॲप आसपासच्या गावांनाही सल्ले देत होतं. तिथे कुणाकुणाचा कांदा भिजला असेल, हे मी विचारलं नाही.

दहाव्याला गेले तेव्हा मामा ओट्यावर तिचा फोन घेऊन बसले होते. प्रश्न न वाचताच त्यांनी ‘होय’ दाबलं.

“मामा, चुकलं असेल तर ‘नाही’ दाबत जा ना.”

“तिनं कवा दाबलं न्हाई. मला न्हाई जमायचं बाय.”

काल मी ॲपमध्ये बदल केला. त्या फोनची जुनी-नवी उत्तरं आता शिकण्यात धरली जाणार नाहीत. हे आत्या असतानाच करायला हवं होतं, तिच्याशी बोलून. प्रश्न मात्र त्या फोनवर रोज जाईल. मामा चष्मा न लावता ‘होय’ दाबतील, आणि ते कुठेच मोजलं जाणार नाही.

मामांना मी हे अजून सांगितलेलं नाही.