डोकीवालीची कोरडी आंघोळ

घरात आलेल्या माणसाचं आमच्या हिला तोंड नंतर दिसायचं, डोकं आधी. ही वारली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चहा पीत बसलो होतो. नात केसांवर कसला फवारा मारून निघाली होती. पाण्याशिवाय केस धुतले, म्हणाली. हिनं तिला हाताला धरून पायाशी बसवलं, केस फाकवले आणि म्हणाली, "वास झ्याक हाय. पर हे धुणं न्हवं बाई, झाकणं हाय. सांच्याला डोक्यावरनं न्हा." नात हसली. मी हसलो नाही, कारण असलं सोंग या घरात पहिल्यांदा मीच आणलं होतं.

कडेगावाकडच्या आमच्या गल्लीत तिला डोकीवाली म्हणायचे. बायका पोरींना घेऊन यायच्या. ही त्यांना उन्हात बसवून भांग पाडून बघायची आणि निकाल द्यायची. "ह्या उवा न्हाईत, कोंडा हाय." "हिला तेल कमी, खायाला जास्त द्या." एकदा तलाठी दाखला घेऊन आला, तर त्याची टोपीच काढायला लावली. "रावसाब, ही टोपी कवा धुता का? टक्कल तिच्यापायी पडतंय." तलाठी दाखला न देताच गेला.

मी तेव्हा फौजेत. बहात्तरच्या दुष्काळात सुट्टीवर येताना छावणीतल्या दुकानातून केसांच्या पावडरचा डबा आणला. गावात प्यायला पाणी नव्हतं, बायकांना केस कुठले धुवायला मिळणार? डब्यावर इंग्रजीत बरंच लिहिलं होतं. माझं शिक्षण चौथी, तेही रडतखडत. दुकानदार एवढंच म्हणाला होता, "डालो, पानी की जरूरत नहीं." मी तसंच सांगितलं.

टाकायची, हे सांगितलं. झाडून काढायची, हे मलाच माहीत नव्हतं. त्यात नवरा जिवंत असताना कोरड्या डोक्यानं हिंडायचं कसं, म्हणून हिनं वरून तेल घातलं. रोज पावडर, रोज तेल. आठवड्यात डोक्यावर कणीक झाली. माझी आई म्हणाली, "आता चपात्या लाट." मग खाज सुटली, फोड आले, फणीबरोबर केस यायला लागले.

गल्लीतल्या म्हाताऱ्या जमल्या आणि म्हणाल्या, भादरल्याशिवाय हे निघायचं नाही. तेव्हा ती रडली. लढाई नुकतीच संपली होती, गल्लीतल्या दोघींचं कुंकू गेलं होतं. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हे समोर जित्तं हुबं हायती, आन मी डोकं भादरू? कातडं गेलं तरी चालंल!"

मी सायकलला घागरी बांधल्या आणि दोन मैलांवरच्या विहिरीवर तीन खेपा केल्या. अंगणात बसवून रिठ्यानं तिचं डोकं धुवायला लागलो. कुडावरून शेजारी ओरडला, "फौजी, बंदूक सोडून हे कवाधरनं रं?"

"तू बी धू की बायकूचं, गड्या! वास हितवर येतोय."

खालून ही ओरडली, "आवं, बोलू नगा! नखं लागत्यात. पेरानं चोळा. बंदूक घासताय व्हय?"

फोड वाळायला महिना गेला, केस यायला वर्ष. त्यावरून ती मला कधी बोलली नाही. फक्त घरात बाटली, पुडी, गोळी काहीही आलं, की मास्तरांकडून वाचून आणायला पिटाळायची. "वाचल्याबिगर झाकाण उघडायचं न्हाई." शेवटी वैतागून मी इंग्रजी अक्षरं शिकलो.

त्या सकाळी चहा झाल्यावर ती आडवी झाली, ती उठलीच नाही. बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं, पांढऱ्या केसांचा एवढा मोठा अंबाडा बांधला आणि म्हणाल्या, भाग्याची गेली. तिचं भाग्य खरं. माझं कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाव्याला बोलावलं. माझा पोरगा म्हणाला, "आण्णा, ते दहाव्याला असतंय. आन ते बी मी करायचं."

"तुझं तू दहाव्याला कर," मी म्हटलं.

न्हावी माझ्या डोक्याकडं बघत उभा राहिला. "आण्णा, हायती तरी किती?"

"मोजू नगंस. उतर समदं," म्हटलं आणि मान खाली घातली.