तलावाच्या पाटीवरची सही

ऑक्टोबर १९९१, शुक्रवार सकाळ, बहारीन. हजर: बार्बरा, आमच्या कंपाऊंडच्या कमिटीची अध्यक्ष, तिची शेजारीण अ‍ॅन, आणि मी, चिटणीस. गैरहजर: हमीदा. तिला बोलावलंच नव्हतं.

त्या सकाळचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, पण हुंदके ऐकायला बसला असाल तर — उठा.

आमचं कंपाऊंड म्हणजे एका भिंतीच्या आत चौदा व्हिला, मधोमध पोहण्याचा तलाव. आम्ही आलो तेव्हा सगळी घरं गोऱ्यांची. नवरा बँकेत वरच्या जागेवर, म्हणून आम्ही तिथले पहिले भारतीय. मग आखाती लढाईच्या भीतीने बरेच गोरे निघून गेले, भाडी उतरली, आपली माणसं येऊ लागली. आधी इंजिनिअर, डॉक्टर — ते मला चालले. मग हमीदाचं कुटुंब आलं, मूळ रत्नागिरीकडचं. नवऱ्याचं नईम या गावातल्या जुन्या वस्तीत कापडाचं दुकान, इतकी वर्षं दुकानावरच्या दोन खोल्यांत काढलेली. त्यांच्या गच्चीवर बोंबील वाळू लागले. मला तो वास आवडायचा, हेही सांगून टाकते.

"तुमची भाषा एकच ना?" बार्बराने विचारलं होतं. मी म्हटलं, "थोडीफार जुळते." — थोडीफार! रोज दुपारी आम्ही दोघी मराठीतच तर बोलायचो.

हमीदा खाडीकाठी वाढलेली. सलवार-कमीज घालूनच पाण्यात उतरायची आणि एका दमात पलीकडे निघायची. दोन्ही मुलींना शिकवायला तिने नुकती सुरुवात केली होती. आणि मी? महागातला पोहण्याचा पोशाख घालून कठडा धरून उभी.

मग पाटी लागली — पोहण्याच्या पोशाखाशिवाय तलावात उतरू नये. खाली बार्बराची सही. आपल्या घराघरांत एकच बोलणं: बघा, गोऱ्यांना आपण नको आहोत! पुढे बार्बरा कायमची इंग्लंडला निघाली, तेव्हा तिच्या निरोपाच्या चहाला आपल्यातलं कोणी गेलं नाही. मीही नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते?

हमीदा माझ्याकडे आली होती. "वहिनी, तुम्ही कमिटीवर. त्या गोरीला जरा गोडीत सांगा ना. मी उतरल्याशिवाय पोरी काय पाण्यात पाय घालायच्या नाहीत."

"बघते," मी म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्याआधी ते नईमला परत गेले. मुलींचं पोहणं खलास.

आता ऐका. नियम बार्बराचा नव्हता. त्या सकाळी ती तलावाकडे बघत म्हणाली होती, "काय सुंदर पोहते ही!" विषय मी काढला. कपड्यांचे धागे सुटतात, फिल्टर तुंबतो, म्हटलं. फिल्टर एकदाही तुंबला नव्हता. तलावाची देखभाल माझ्याकडे — मला ठाऊक नसणार तर कोणाला? "तू म्हणतेस तर ठीक," म्हणून बार्बराने सही केली. मजकूर माझा होता.

गोऱ्यांचा धाक होता म्हणू? कोणी धाक घातला नव्हता. त्यांनी मला हमीदाबरोबर मोजू नये, एवढंच मला हवं होतं. नीच म्हणता? म्हणा खुशाल. आठ वर्षं गप्प बसायला मी खंबीर होते, ऐकून घ्यायलाही आहे.

हमीदा अजून दर ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन येते. म्हणते, "ती गोरी आठवते, वहिनी? काय मेली खडूस!" मी हसते. डबा धुते, आणि रिकामा देऊ नये म्हणून साखर भरून ड्रायव्हरबरोबर पाठवते.

यंदा स्वतः न्यायचा ठरवलाय. तिच्यासमोर बसायचं आणि सही कोणाची, मजकूर कोणाचा, ते सांगायचं. नईम काही लांब नाही.

ईद होऊन महिना झाला. साखर भरलेला डबा ओट्यावर आहे.