डब्यांची खंडेनवमी

घिवलीच्या शैलाताई राऊतांनी बोईसरच्या एका चादरींच्या कारखान्यात अर्धं आयुष्य घातलं. तुटक्या धाग्यांच्या गाठी मारायला म्हणून लागल्या आणि सुपरवायझर झाल्या. घरचे चिडवायचे, वाडीतल्या झाडांपेक्षा हिला मागांचीच काळजी जास्त! खोटं नव्हतं ते. वाडीने कधी पोट भरलं नाही, मागांनी भरलं.

यंदा श्रावणात सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली. प्रत्येक मागाची थरथर, गरमी, धागा कितीदा तुटला ते, सगळं त्यांच्या संगणकात क्षणाक्षणाला पोहोचलं पाहिजे. लाखो नोंदी चाळून तो संगणक आधीच सांगणार, कुठला माग बसायच्या बेतात आहे. बिग डेटा म्हणतात म्हणे याला. आमच्याकडे डेटा म्हणजे रिचार्जवर रोज मिळतो तो दीड जीबी, बाकी कोणाला ठाऊक! सुट्ट्या सोडून दिवाळीपर्यंत माहितीत खंड पडला नाही तर ऑर्डर राहणार. पडला तर ऑर्डर गेली, निम्मे माग बंद आणि निम्मी माणसं घरी. 

मालक हितेशशेठ आधी उडवूनच लावत होते. माझ्या बापाने कानाने माग ओळखले, म्हणायचे. पाणी नाकाशी आलं तेव्हा त्यांनी मागामागावर बसवून ही माहिती पाठवणाऱ्या डब्या घेतल्या, त्याही बाजारातल्या सगळ्यात स्वस्त, वरून फटी असलेल्या. बसवणारा पुण्याहून आला, एका दुपारी शैलाताईंना मोबाईलवर काहीबाही दाखवलं आणि गेला तो गेलाच.

इकडे कामगार बिथरले. मासवणचा पंढरी सगळ्यांत जुना. तो म्हणाला, ही शेठची पाळत हाय, कोण किती वेळ तंबाखू मळतो ते मोजणार. मग कोणी डबीवर फडकं टाकी, कोणी वायर उपटी, ती शैलाताई धावत जाऊन लगेच पुन्हा खोचत. शैलाताई एकेकाच्या अक्षरशः पाया पडल्या. चाडी करायला नाही रे बाबांनो, तुमचा माग वाचवायला आहे ही, आपलंच यंत्र समजा! एकदा डबीने आधीच इशारा दिला आणि पंढरीच्या मागाचं बेअरिंग वेळेत बदललं, तेव्हा कुठे गडी वरमला. त्यानंतर रोज सकाळी तो स्वतः डब्यांवरची धूळ पुसू लागला.

आणि खंडेनवमी आली. माग थांबले, धुतले, झेंडूच्या माळा चढल्या. शैलाताई बघतात तर पंढरीने मागांबरोबर प्रत्येक डबीलाही हळदकुंकू लावलेलं, वर फूल ठेवलेलं. त्या बाईचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी माणसांनी डब्या आपल्या म्हटल्या होत्या. नारळ ताईच फोडणार, असा सगळ्यांनी हट्ट धरला. त्यांनी फोडला, आणि रीतीप्रमाणे ते पाणी कळशीभर पाण्यात मिसळून मागांवर शिंपडलं, डब्यांवर तर ओंजळीने घातलं. जीव लावलेल्या वस्तूला हात आखडता घेतात का कोणी?

दसरा झाला, माग सुरू झाले. डब्यांचे दिवे काही लागेनात.

शैलाताई वेड्यासारख्या झाल्या. पुण्याला फोन लावून बोटं दुखली, तिथे सुट्टी. भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात, म्हणून सगळ्या डब्या पिशवीत घालून घिवलीला नेल्या आणि वर्षाच्या तांदळात पुरल्या. देवापुढे हात जोडून बसल्या. परत आणून बसवल्या तेव्हाही एकीने डोळा उघडला नाही. गिऱ्हाइकाची माणसं आली, मोबाईलचा कोरा पडदा पाहिला, चहा घेऊन गोड बोलून गेली. संध्याकाळी फोन आला, ऑर्डर दुसऱ्याला दिली.

"कोणी ओतलं पाणी?" हितेशशेठनी सगळ्यांदेखत विचारलं. पंढरी पुढे सरकायच्या आत शैलाताई म्हणाल्या, "मी." खरंच तर होतं.

शेठनी मागांची कुठली रांग बंद करायची ते सांगितलं. पंढरीची. आणि ते त्याला तुम्हीच सांगा, म्हणाले.

शैलाताई गेल्या तेव्हा पंढरी डबीच्या फटीतलं वाळलेलं कुंकू नखाने काढत होता. मान वर न करताच म्हणाला, "ताई, पुढल्या वर्षी पानी नाय टाकायचं. नुसतं फूल वाहू."

"बरं," शैलाताई म्हणाल्या. आणि त्याच्या शेजारी बसून दुसऱ्या डबीतलं कुंकू काढायला लागल्या.