सव्वा महिन्याचा चंद्रमणी

तासगावच्या बाजारात राहीबाईची पेटी कुठं, असं कुणालाही विचारा, बोट दाखवतील. नऊ खणांची लाकडी पेटी, वर काच. प्रत्येक खण एकेका ग्रहाचा. मध्ये सूर्याचं माणिक आणि त्याच्याभोवती मंगळाचं पोवळं, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या आणि बाकीची मंडळी. खरी रत्नं परवडतात ती माणसं सांगलीच्या पेढ्यांवर जातात. राहीबाईकडं येतात ते उपरत्नवाले. हिरा झेपत नाही त्यानं शुक्रासाठी स्फटिक घ्यावा, मोती झेपत नाही त्यानं चंद्रासाठी चंद्रमणी.

तिला पत्रिका वाचता येत नाही. अक्षरओळखही बेताचीच. पण समोर बसलेल्या माणसाचा पाय हलतोय का, तो बायकोला बोलू देतो का, एवढ्यावर ती ग्रह ठरवायची आणि तो बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला पटायचा. आपल्याला कुठला ग्रह छळतोय हे माणसानं घरातूनच ठरवून आणलेलं असतं. राहीबाई फक्त खण उघडायची.

चंद्रमणी मात्र ती वेगळ्या हातानं उचलायची. दुधाळ, किंचित निळसर खडा. उन्हात फिरवला की आत उजेडाची एक रेघ सरकते. मारकुट्या नवऱ्यांच्या बायकांना ती हाच द्यायची आणि सांगायची, "माझ्या मालकाचा हात ह्यानंच थांबला. आता आणि काय सांगू?"

ही शुद्ध थाप होती. का, ते सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

राहीबाई आटपाडीकडच्या धनगराची पोर. लग्न झालं अर्जुनाशी. तो गलाई कामगार होता. सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायची ती गलाई, आणि तिकडची माणसं ह्या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. अर्जुना जयपूरला होता. मेंढरांमागं उघड्या रानात वाढलेली ही पोरगी तिथल्या दहा बाय दहाच्या खोलीत जाऊन पडली.

अर्जुना मारायचा. पट्ट्यानं, भट्टी फुंकायच्या नळीनं, काही नसलं तर लाथेनं. समोरचे दोन दात त्यानं पाडले. पाच महिन्यांचं पोट एका लाथेत रिकामं केलं, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी करपली म्हणून परत मारलं. शेजारी खडे घासणारं एक कुटुंब होतं. त्यातल्या बाईनं कीव येऊन राहीबाईला चंद्रमणी दिला. चंद्र म्हणजे मन, मन थंड झालं की हात थंड होतो, असं तिनं समजावलं. सोमवारी खडा कच्च्या दुधात बुडवायचा, चांदीत मढवायचा, नवऱ्याच्या करंगळीत घालायचा. एकशेआठ वेळा चंद्राचं नाव घ्यायचं आणि खड्यातल्या उजेडाकडं बघत सावकाश श्वास मोजायचे. अर्जुना कसले श्वास मोजतोय? राहीबाईनंच त्याच्या वाटणीचे मोजले. अंगठी त्यानं हौसेनं घातली, आणि त्यानंतर मार बसला की अंगठीच्या कडेनं कातडीही फाटायला लागली. तिच्या डाव्या भुवईतली चीर त्यातलीच.

नऊ वर्षं गेली. एका दुपारी अर्जुनानं हात उगारला तेव्हा राहीबाईच्या हातात भट्टीतला चिमटा होता, टोकाला लाल झालेला. तिनं तो त्याच्या मनगटावर दाबला आणि मांसाचा वास येईपर्यंत काढला नाही. "परत हात लावलास तर डोळ्यात घालीन," एवढंच म्हणाली. पुढं अकरा वर्षं तो जगला, आम्लाच्या धुरानं छाती खाल्ली तोपर्यंत. त्या अकरा वर्षांत त्यानं तिला बोट लावलं नाही.

तो गेल्यावर ती गावाकडं आली. खडे पारखायचं जयपुरात शिकली होती, त्यावर पेटी मांडली. आता चिमट्याची गोष्ट सांगून खडा कसा विकला जाणार? म्हणून चिमटा तिनं गाळला आणि खडा ठेवला. शिवाय एक अट जोडली. नवऱ्यानं अंगठी घातल्यापासून सव्वा महिना बाईनं घर सोडायचं नाही, नवऱ्याबरोबर एकाच छपराखाली राहायचं. माहेरी गेली की चंद्र तुटला. ही अट कुठल्या शास्त्रातली नव्हती, राहीबाईच्या डोक्यातली होती. खडा लागू पडला नाही म्हणून बाई तक्रार घेऊन आली की विचारायचं, "मधी कुटं गेलीवतीस का?" प्रत्येक बाई कुठंतरी गेलेलीच असायची. तोंड बंद.

साक्षी आली ती जानेवारीत. बाविशीची असेल. डोक्यावरचा पदर कानापर्यंत ओढलेला. बसताना तिनं एक हात बरगडीला धरला आणि राहीबाईला सगळं कळलं.

"मावशी, त्यांचा राग लय वाईट हाय," ती म्हणाली. "तसं माणूस चांगलं हायती."

"समदीच चांगली असत्यात, पोरी. घालंल का अंगठी?"

"न्हाई घालायचं."

"द्राक्षाला दर येतो म्हणून सांग. घालंल."

त्यानं घातली. वीरधवल त्याचं नाव. तासगावपासून तासाभराच्या आत मळा, चार एकर बाग, स्वतःची बेदाण्याची शेड, ओढ्याकडेला ऊस. गावात त्याच्या शब्दाला मान होता. साक्षीला माहेर होतं, भाऊ होता, न्यायला कधीही आला असता. खडा नसता घेतला तर त्याच आठवड्यात गेली असती. आता ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारत बसली.

फेब्रुवारीच्या शेवटी बाजारच्या दिवशी बनुबाई पेटीसमोर येऊन उभी राहिली. ती वीरधवलच्या शेडमध्ये बेदाणा निवडायला जायची. खडा घ्यायला ती आलेली नव्हती.

"राहीबाय, त्या पोरीला काय सांगिटलंय तुमी?"

"कुठल्या पोरीला?"

"आमच्या मालकाच्या बायकूला. परवा त्यानं तिची दोन बोटं दारात घालून मोडली. मुद्दाम. बोटं आत धरली अन् दार लावलं. भाऊ गाडी घिऊन आला न्यायला, तर जाईना. अजून दिस राहिल्यात म्हणती. मावशीनं सांगिटलंय म्हणती."

राहीबाईनं पेटीवर फडकं टाकलं, शेजारच्या फळवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि बनुबाईबरोबर माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसली. वाटेत मनातल्या मनात ती आजवर विकलेले चंद्रमणी मोजत होती. किती बायका, किती सव्वा महिने. आकडा लागेना, आणि लागू नये असंही वाटत होतं.

शेडमध्ये पोचल्या तेव्हा मारहाण सुरूच होती. भरदुपार. रॅकवर जाळ्या पसरलेल्या, द्राक्षं अर्धी वाळलेली, खाली बसून दहाबारा बायका निवडण करत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. मधल्या मोकळ्या जागेत वीरधवलनं साक्षीचे केस मुठीत पिळून धरले होते आणि दुसऱ्या हातानं ठिबकच्या नळीचा तुकडा चालवत होता. पाठीवर, मानेवर, तोंडावर. गंधकाची धुरी कमी दिली म्हणून माल काळा पडला, हे कारण. साक्षी ओरडतही नव्हती. कापडात गुंडाळलेला हात तिनं छातीशी धरला होता आणि ओठ हलत होते. जवळ गेल्यावर राहीबाईला ऐकू आलं. ती चंद्राचं नाव घेत होती.

राहीबाईनं त्याचा दंड धरला. "सोड तिला."

"तू कोण गं म्हातारे?"

"ती अंगठी माझी हाय."

त्यानं कोपरानं तिला झटकली. ती क्रेटवर आपटली, उठली, परत आली. ह्या वेळी त्यानं लाथ घातली. बरगडीत काहीतरी कडकन मोडलं आणि तिला एकदम जयपूरची खोली दिसली. मग मात्र तिचं वय, तिची कंबर, तिची भीती, सगळं कुठं गेलं कोण जाणे. नळी धरलेला त्याचा हात तिनं दोन्ही हातांनी ओढला आणि करंगळी दातांत घेतली. पडलेल्या दातांच्या बाजूचे सुळे शाबूत होते. ते हाडाला लागेपर्यंत तिनं चावा सोडला नाही. तो किंचाळला, तिच्या डोक्यावर बुक्क्या घालत राहिला. साक्षीचे केस सुटले. अंगठी कातडीसकट निघाली आणि राहीबाईच्या तोंडातून रक्ताबरोबर जमिनीवर पडली.

तो नळी टाकून लोखंडी पहार घ्यायला वळला, तेव्हा बनुबाई उठली. तिनं भरलेला क्रेट त्याच्या गुडघ्यांवर फेकला. तो खाली आला. मग बाकीच्या बायका उठल्या. तीन वर्षं खाली मान घालून बघितलेलं सगळं त्यांनी दोन मिनिटांत बाहेर काढलं. कुणी चपलेनं, कुणी क्रेटच्या कडेनं, एक तर त्याच्या छातीवरच बसली आणि शिव्या देत त्याच्याच मालाची मूठ त्याच्या तोंडात कोंबत राहिली. दारात साक्षीची सासू तानुबाई उभी होती. ती पुढं आली नाही, मागंही गेली नाही.

साक्षी रांगत अंगठीकडं गेली होती. चांगल्या हातानं ती उचलून, पदरानं रक्त पुसून, तिनं खडा उजेडात धरला. "तुमी काढली," ती राहीबाईला म्हणाली. "आवं, नऊच दिस राहिलं हुतं. तुमीच काढली."

नवरा तीन हात अंतरावर मार खात पडलेला, स्वतःची दोन बोटं मोडलेली, आणि ही रडत होती अंगठीसाठी. ताडपत्रीवर दाब म्हणून ठेवलेलं पाच किलोचं वजन राहीबाईनं उचललं. अंगठी साक्षीच्या हातातून हिसकावून फरशीवर ठेवली. चंद्रमण्याला पापुद्रे असतात, आडवा घाव बसला की तो टिकत नाही. पहिल्याच घावात तो चिरला, दुसऱ्यात पांढरा भुगा झाला.

"बग," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता, शब्द तुटत होते. "दगूड हाय. माझ्या नवऱ्याचा हात ह्यानं न्हाई थांबला. चिमट्यानं थांबला. लाल चिमटा लावला मी त्याच्या मनगटाला. सव्वा महिन्याचं मीच घातलंय. कुणी सांगिटलं न्हाई, कुटं लिवल्यालं न्हाई. ऊठ."

साक्षी भुग्याकडं बघत राहिली. मग उठली. चप्पलही न घालता शेडच्या बाहेर पडली.

बनुबाईच्या दिरानं टेंपो काढला. मागं रिकाम्या क्रेटमध्ये जागा करून राहीबाई आणि साक्षी बसल्या. सांगलीच्या दवाखान्यात जायचं आणि तिथून पोलिसांना कळवायचं असं ठरलं. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला राहीबाईच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. साक्षीचा एक डोळा सुजून मिटला होता. भावाला फोन लावून झाला होता, तो निघाला होता.

मग साक्षीनं विचारलं, "चिमटा लावायच्या आदी तुमी किती सोसलं?"

"नऊ वर्सं."

"खडा लागू पडत न्हाई हे तवाच कळलं हुतं?"

"व्हय."

"मग मला का न्हाई सांगिटलं?"

पोटासाठी, लोकांची श्रद्धा म्हणून, तुला धीर मिळावा म्हणून. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या तोंडावर मारलेली ही सगळी उत्तरं राहीबाईकडं तयार होती. पण त्या मिटलेल्या डोळ्याकडं बघून तिनं ती सगळी बाजूला ठेवली.

"सांगिटलं असतं तर तू इकत घेतला नसतास," ती म्हणाली.

साक्षीनं चांगल्या हातानं तिच्या मुस्काटात मारली. जोरात. राहीबाईचं डोकं टेंपोच्या पत्र्यावर आपटलं, ओठातून परत रक्त आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणाचा तरी मार पटला.

ड्रायव्हरनं मागच्या काचेतून बघितलं आणि गाडीचा वेग कमी केला.

"थांबू नगंस," राहीबाई त्याला म्हणाली. "पोरीचा हात सुजाय लागलाय. दवाखाना गाठ. मारंना का ती, मी हितंच बसलीया."