विनुता कागद वाचते

विनुता, माझी भावजय, बसून अभ्यास करताना मी कधी पाहिलेली नाही. ती उभ्यानं अभ्यास करते. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, फोनमधल्या कुणी बाई इंग्रजीत कायदा शिकवताहेत, आणि ही दोशाचं पीठ ढवळता ढवळता ‘अ‍ॅफिडेव्हिट, अ‍ॅफिडेव्हिट’ असं पुटपुटते आहे. कुकर वाजला की बाईंना थांबवायचं, वरण घोटायचं, पुन्हा बाईंना बोलतं करायचं. मध्येच मागच्या दारी जाऊन कपडे वाळले का बघायचे. तिच्याकडे घटकाभर बसलं की माझेही पाय वळवळायला लागतात. शेवटी मी उठून झोपाळ्यावर बसते, निदान काहीतरी हलत असतं.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच शिंप्याचं दुकान आहे, त्यामुळे हा तमाशा मी रोज पाहिला. पॅरालीगल व्हायचं तिच्या मनानं घेतलं तेव्हा आम्हांला तो शब्दच नवा. वकील नव्हे, वकिलाच्या हाताखालचं माणूस: कागद वाचायचे, अशिलाशी बोलायचं, मसुदे करायचे. लेक हरिता कॉलेजसाठी त्रिचीला गेली आणि हिच्या घराला एकदम फार कोपरे झाले. “अक्का, दुपारी भिंती अंगावर येतात,” म्हणाली मला. मी म्हटलं, मग भजनाला ये. ती भजनाला आली नाही, तिनं घरबसल्या शिकायचा हा कोर्स घेतला. माझा भाऊ वरुणराव वीज मंडळात आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “लोक घरात पोपट पाळतात, मी वकील पाळलाय.” विनुता हसायची, पण त्या दिवशी रस्समला मीठ जास्त पडायचं.

कोर्स संपत आला तशी तिची तगमग वाढली. प्रमाणपत्र काय, कुणीही भिंतीवर लावील. काम कोण देणार? कोर्टाजवळ कनकलता म्हणून एक वकील बाई आहेत, तोंडानं तिखट, पण बायकांना कामावर घेतात. विनुता धीर करून त्यांना भेटून आली ती वाऱ्यासारखी माझ्याकडेच.

“अक्का, त्यांनी प्रमाणपत्र बघितलंच नाही. म्हणाल्या, एका माणसाला एक खरा कागद समजावून आण. ते माणूस माझ्यासमोर आपल्या शब्दांत सांगू दे कागदात काय आहे ते. सांगितलं तर काम तुझं.”

“मग आण की कुणाला. गल्लीत माणसं काय थोडी आहेत?”

“खरा कागद कोण देतंय मला गे अक्का!” आणि ती माझ्या ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागली. मला चक्कर यायची वेळ आली.

उपाय वरुणनंच काढला. आमचे अप्पा, रघोजीराव, गेले तेव्हा पापनाशमजवळचं भाताचं शेत मागे राहिलं. मृत्युपत्र काही नाही, आई आधीच गेलेली, आम्ही दोघंच भावंडं. शेत वरुणच बघत आला. आता कुंभकोणमच्या एकाला तिथं लग्नाचं सभागृह बांधायचं होतं आणि वरुणला शेत विकायचं होतं. त्यासाठी मी माझा हक्क सोडल्याचा कागद लागत होता. त्यात मला काही वाटलं नाही. आमच्या गल्ल्यांमधल्या सगळ्या बहिणींनी असंच केलंय. भाऊ कागद करून आणतो, बहीण सही करते, भावजय त्याच शेताच्या तांदळानं तिची ओटी भरते, नवी साडी देते, वर गोड जेवण. माझ्या आत्यानं केलं, माझ्या जावेनं केलं. साडीसुद्धा आणून ठेवली होती, डाळिंबी, मला विचारून.

“सोमवारी सही आहेच,” वरुण म्हणाला. “शुक्रवारी तोच कागद अक्काला समजाव, शनिवारी तुझ्या वकीलबाईंपुढे ने. एका दगडात दोन पक्षी.”

विनुताचा चेहरा उजळायला हवा होता. तो उतरला. मी ते पाहिलं, आणि मनात म्हटलं, हिला काही देऊ केलं तरी पंचाईतच.

शुक्रवारी दुपारी ती कागद घेऊन आली. आमचे हे, त्यागराज, आत झोपले होते. ते कुठल्याच भानगडीत नसतात. मी झोपाळ्यावर, ती समोर पाटावर. पहिल्यांदाच तिला बसलेली पाहिली, पण बोटं पदराच्या टोकाशी खेळतच होती.

“अक्का, आधी एक सांगायचं आहे. ह्या कागदानं शेत ज्यांना मिळणार, मी त्यांची बायको. म्हणजे मी तुमच्या बाजूची नाही. सही करायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारा. हे सांगितल्याशिवाय मला पुढं वाचता यायचं नाही.”

मला राग आला. लग्न होऊन आली तेव्हा हिला आमच्या घरचं दह्यातलं डांगर पच्चडी मी शिकवलं, आणि ही मला बाजू सांगते! “वाच, वाच,” मी म्हटलं. “नाही तर आण इकडे, मीच वाचते. आयुष्यभर शाळेत तमिळ शिकवलंय मी.”

“तुम्हांला वाचता येतं, मला ठाऊक आहे. पण मी आपल्या भाषेत सांगते.”

आमचं, तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांचं, असं आहे की कागद सगळे तमिळमध्ये. वीजबिल, जमिनीचा पट्टा, शाळेचा दाखला, कोर्ट, सगळं. मराठी घरातली. देवापुढे, ताटापुढे, भांडणात आणि कुणी गेल्यावर. नागरी अक्षरं आमच्यात फार थोड्यांना येतात. मराठीत कुणी कधी कायदा बोललंय असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तोच कागद मी तमिळमध्ये दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा नजर गुळगुळीत फरशीवरून गेल्यासारखी खालपर्यंत गेली होती.

विनुता सावकाश सांगायला लागली. “मी वसुमती, रघोजीरावांची लेक. माझ्या बापाच्या शेतात भावाइतकाच माझा वाटा आहे. तो मी आज सोडते. आनंदानं सोडते, कुणी मला जबरदस्ती केलेली नाही. आजपासून त्या मातीशी माझं काही नातं नाही. मी कधी मागणार नाही, माझी मुलं मागणार नाहीत, त्यांची मुलं मागणार नाहीत.”

झोपाळा थांबला. मी पायानं थांबवला की आपोआप थांबला, ठाऊक नाही.

“आणि माझं संक्रांतीचं भात?” मी विचारलं.

त्याचं असं की अप्पा दर संक्रांतीला नव्या तांदळाची पिशवी स्वतः घेऊन माझ्याकडे यायचे. त्यांच्यामागे वरुण आणतो. घरात त्याला ‘अक्काचं भात’ असंच म्हणतात. पिशवी ठेवायची, कॉफी प्यायची, माझ्या पोंगलला नावं ठेवायची आणि दोन वाट्या खायच्या.

विनुतानं कागद पुन्हा वरून खाली पाहिला. तिला पाठ होता तरी पाहिला. “ह्यात नाही, अक्का. लिहिलेलं नाही ते कागदाला ठाऊक नाही.”

“पुरे,” मी म्हटलं. “समजलं मला. उद्या सांगते तुझ्या वकीलबाईंना, पोपटासारखं सांगते.”

त्या रात्री मला झोप नाही. कूस बदलून बदलून आमच्या ह्यांनाही जागं केलं. राग विनुतावरच होता. बरं चाललं होतं माझं, कशाला हिनं मराठी केलं?

शनिवारी टाउन बसनं आम्ही कोर्टाकडे गेलो. विनुता उभीच, जागा असून. कनकलताबाईंनी मला खुर्ची दिली आणि तमिळमध्ये विचारलं, “सांगा मामी, कागदात काय आहे?”

मी तयारीनं सुरुवात केली. माझा वाटा, भावाचा वाटा, हक्क सोडते, सगळं व्यवस्थित. शाळेत मुलांकडून घोकून घ्यायचे तसं. मग “माझ्या बापाच्या शेताशी माझं काही नातं नाही” इथं आले आणि तोंडातून ते मराठीतच निघालं. पुन्हा तमिळमध्ये म्हणायला गेले, पण काही केल्या येईना. मी, वसुमती टीचर, जिला वर्गात कधी शब्द शोधावा लागला नाही, ती पदर तोंडाला लावून त्या परक्या बाईसमोर रडले. लाज वाटली, तरी रडले.

बाईंनी पाणी दिलं. “हे तुम्हांला कुणी समजावलं?”

“हिनं.”

“ही तुमची कोण?”

“ज्याला शेत मिळायचं आहे त्याची बायको.”

बाईंनी विनुताकडे चष्म्यावरून पाहिलं. “हे सांगितलंस ह्यांना?”

“सगळ्यात आधी सांगितलं,” विनुता म्हणाली. “पण मॅडम, आता मला घरी जायची भीती वाटतेय.”

“भीती वाटणारच. काम मिळालं तुला. आणि मामी, तुम्ही काय करणार ते मला सांगू नका, भावाला सांगा.”

मी भावाला सांगितलं. “समजलं मला, वरुणा, म्हणूनच सही करत नाही. शेत विकू नको, नाहीतर माझा वाटा वेगळा काढ.” तो माझ्यावर ओरडला नाही. बायकोवर ओरडला, शिंप्याच्या दुकानापलीकडे मला ऐकू येईल असा. “शिकवलं, त्याचं हे फळ! बहिणीला माझ्या अंगावर घातलंस!” विनुता म्हणाली, “मी फक्त वाचलं.” मग कितीतरी दिवस त्या घरात ताटं वाढण्यापुरतंच बोलणं. सोमवारी ओटी भरायची राहिली, साडी कपाटात राहिली. कुंभकोणमच्या माणसानं दुसरीकडे जागा पाहिली.

विनुता कामाला जायला लागली. संध्याकाळी येताना गल्लीतली कुणीतरी तिला अडवायचीच: “विनुता, हे बँकेनं पाठवलंय, जरा वाचून सांग गे.” आणि ती उभ्या उभ्या आपल्या भाषेत सांगायची. मी तिच्याशी बोलायचे, पण पूर्वीसारखं नाही. तिनं वाईट केलं नव्हतं आणि तरी माझा भाऊ माझ्या दारी येत नव्हता, हे दोन्ही एकाच वेळी गिळायचं कसं? कधी वाटायचं, जावं आणि सही करून टाकावी. दोनदा चपला घालून दारापर्यंत गेले आणि परत आले.

संक्रांतीला पहाटेपासून माझं लक्ष रस्त्याकडे. पोंगल उतू गेलं, आमच्या ह्यांचा सूर्याला दोनदा नमस्कार करून झाला. उन्हं वर आल्यावर वरुणची स्कूटर थांबली. मागे विनुता. त्यानं भलं मोठं पोतं ओढत आणून पायरीवर टाकलं, चपला न काढता.

“हा तुझा वाटा, अक्का. घरी आलेल्या पिकातला अर्धा. मोजून घे.”

मी पोत्याकडे पाहिलं. इतकं भात माझ्या दारी कधी आलं नव्हतं. बरंही वाटलं आणि वरुणवर रागही आला, आणि रागच आधी बाहेर पडला.

“वाटा मिळाला. बेस झालं. आता माझं भात कुठाय?”

“हेच की!”

“हा कायद्याचा. मी माझं विचारतेय. अप्पा आणायचे ते.”

वरुणनं बायकोकडे पाहिलं, जणू तिनंच पढवलं होतं. विनुता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “कागदात नाही ते,” ती हळूच म्हणाली. “कुणी मागू शकत नाही. द्यायचं असेल त्यानं द्यावं.”

त्यानं स्कूटर सुरू केली आणि तिला तिथंच ठेवून निघून गेला. आम्ही दोघी ओसरीवर. मी झोपाळ्यावर बसले, ती येरझाऱ्या घालत राहिली, आणि त्या दिवशी मी तिला बस म्हटलं नाही.

दिवेलागणीला तो परत आला. हातात अप्पांची जुनी कापडी पिशवी, नेहमीएवढीच भरलेली. त्यानं पायरीखाली चपला काढल्या, आत आला आणि विचारलं, “पोंगल उरलंय का?”